चाखलेलं धरत नाहीत

रवि., २ जुलै २०१७

वजन ८६.४. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.१. डॉक्टरणीने रिपोर्टावरचे दोन्ही आकडे लाल पेनाने गोल केले, शाळेत नापासाला करतात तसे.

डॉक्टरीण केरळची. वयाने माझ्याएवढीच, पंचेचाळीसची असेल, अंगाने काडी. तिने दोन गोष्टी पुढे ठेवल्या. साखरेची गोळी आजपासून. आणि वजनासाठी रोज पोटात टोचून घ्यायचं ते इंजेक्शनचं पेन. मी म्हटलं, दोन्ही नकोत. माझं शरीर मला कळतं. मीच उतरवीन, चालून आणि तोंड आवरून. ती चिडली नाही. "तीन महीने देती हूँ. एक अक्टूबर को आओ. उसके बाद बहस नहीं."

बहस नाही म्हणे. बघू.

लेकीच्या, केतूच्या शाळेच्या उरलेल्या वहीत लिहितेय. काय खाल्लं, किती चालले, वजन. खोटं लिहायचं नाही. वाचणार कोण आहे, मीच.

सोम., ३ जुलै

ठरलेलं: पहाटे पाऊण तास चालणे. साखर, भात, तळलेलं बंद. दोन वेळा एकेक भाकरी. नवऱ्याला, सुधीरला वाचून दाखवलं. म्हणाला, श्वास तरी चालू ठेवणार ना? रुसैलच्या फॅक्टरीत दिवसभर मशिनींवर ओरडतो आणि विनोद सगळे घरी आणतो.

गोळी का नको हे त्याला माहीत आहे, तरी पुन्हा विचारलं. आईला सेहेचाळिसाव्या वर्षी एक गोळी लागली. मग दोन. मग इन्सुलिन. मग पायाचं बोट, मग पाऊल, मग आईच. सगळं एका गोळीपासून सुरू झालं. सुट्टीला चिपळूणला गेले तेव्हा तेव्हा मी हे पाहिलंय. त्या वाटेला मी जाणार नाही. लिहून ठेवते म्हणजे पुन्हा कुणी विचारलं तर वही दाखवता येईल.

गुरु., ६ जुलै

पहाटेच्या बांगेनंतर निघाले. पाच वाजता चौतीस डिग्री. वादी अदाईचे डोंगर रात्रभर तापलेलेच असतात, दोन्ही बाजूंनी ऊब मारतात. तीन टॅक्सीवाले हॉर्न देऊन थांबले. मस्कतात बाई पायी दिसली म्हणजे तिची गाडी बंद पडली असणार. तिसऱ्याला हातानेच नको म्हटलं, तर तो काळजीने हळूहळू मागून येत राहिला. शेवटी वळून म्हटलं, "खलास, मोटी हूँ, चल रही हूँ." त्याला समजलं. हसला आणि गेला.

खाल्लं: भाकरी १, पालेभाजी, ताक. भाकरी १, मूग. बस.

रवि., ९ जुलै

८६.१. तीनशे ग्रॅम. तीनशे ग्रॅम म्हणजे एक मोठा कांदा. असो, सुरुवात आहे.

मी जेवणाचे डबे करून देते, ते आज चौदा. सहाला गॅस पेटतो, पावणेअकराला व्हॅन येते. हमरिया वस्तीतले आणि इथले एकटे राहणारे आपले लोक, घरच्या जेवणाला आसुसलेले. त्यात परब सर्वांत जुने. सावंतवाडीकडचे, एसी दुरुस्त करतात, बावीस वर्षं मस्कतात. संध्याकाळी फोन करून मत देतात. आज म्हणाले, "वैनी, आमटी एक नंबर." मी ती आमटी जेवले नाही, नुसती भाकरी नि भाजी. मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात निग्रह.

शुक्र., १४ जुलै

भजनाला गेले. बायकांचं सगळं लक्ष मानसीकडे. आमच्याच बिल्डिंगमधली, दुसऱ्या मजल्यावरची. ते पेन घेते. पाच महिन्यांत तेरा किलो उतरली. गालांची हाडं दिसायला लागलीत, नवा ड्रेस, केस मोकळे. सगळ्या तिलाच विचारत होत्या, कुठलं, किती, दुखतं का. भजन राहिलं बाजूला.

मी म्हटलं, आम्ही बाई सुईवर बारीक होणाऱ्यांतल्या नाही, आमचं काय ते घाम गाळून. सगळ्या हसल्या. मानसीही हसली.

चालणे ५० मि.

रवि., २३ जुलै

८६.३. वाढलं. तीन आठवडे भात नाही, साखर नाही, बांगेबरोबर उठणं, आणि काटा वर. काट्याची बॅटरी बदलली. ८६.३. काटा स्वयंपाकघरात नेला, फरशी सपाट असते म्हणून. ८६.३. केतूला उभं केलं, तिचं बरोबर दाखवतो.

वही चाळली. रोज दोन भाकऱ्या, भाजी, ताक. कुठेही खोटं नाही. मग हे मांस येतं कुठून, हवेतून? सुधीर म्हणाला, एकदा डॉक्टरणीला फोन कर. त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

रवि., ३० जुलै

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

केतूला सुट्टी. तिला म्हटलं, स्वयंपाकघरात बस जरा, मराठी तरी कानावर पडेल. बसली, फोन हातात. मी कामात. आमटी, भरली वांगी, कोशिंबीर, दुधीची खीर, पोळ्या. मध्येच बघते तर हिने ओट्याच्या कडेला एक मोठा वाडगा ठेवलेला. विचारलं तर म्हणे, तू काम कर.

व्हॅन गेली. केतूने वाडगा पुढे सरकवला. काठोकाठ भरलेला. आमटी, वांग्याचा मसाला, खीर, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, पोळीचे तुकडे, सगळं एकात एक. मी म्हटलं हा काय किळसवाणा प्रकार.

"आई, तू टेस्ट केलीस ना, दरवेळी मी तेवढाच यात टाकला. सेम स्पून." मग इंग्रजीत, हळूच, की हा फक्त साडेनऊपर्यंतचा आहे, नंतर वाडग्यात जागा नव्हती.

मी म्हटलं, चव बघणं म्हणजे खाणं नव्हे. चाखलेलं धरत नाहीत. हे बोलताना माझ्या हातात खिरीची पळी होती.

आमच्या घरात हेच शिकवलेलं. आई गावच्या लग्नामुंजींचा स्वयंपाक करायची. दिवसभर पातेल्यांपाशी, तळहातावर थेंब घेऊन चाटायची. पंक्ती उठल्यावर सगळ्यांना सांगायची, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. आम्हाला तिची दया यायची. तिला ते खरंच वाटत असणार. मलाही आज सकाळपर्यंत वाटत होतं.

वाडगा सिंकमध्ये ओतला. मग बसून रडले, रागाने. महिनाभर पहाटे उठून मी हा वाडगा जिरवत होते.

मंगळ., १ ऑग.

चाखणं बंद. म्हणायला सोपं. तोंडात लवंग धरून स्वयंपाक केला. दहा वाजता लक्षात आलं, लवंग गालात आहे आणि जिभेवर आमटी. हात आपोआप जातो. विचारत नाही.

मोजलं: आज ३९ वेळा. केतूला सांगितलं नाही. वहीत लिहितेय, खोटं लिहायचं नाही म्हणून.

शनि., ५ ऑग.

मानसी वर आली. विरजण मागायला. विरजण दिलं तरी उठेना. मग म्हणाली, त्या दिवशी भजनात बोललीस ते लागलं.

मी म्हटलं, अगं, गमतीत. ती म्हणाली, गमतीत नव्हतं, मला ऐकू येतं. पंधरा वर्षं तिने सगळं केलेलं. झुंबा, उकडलेल्या भाज्या, महिनाभर नुसती फळं, सासूचे टोमणे. उतरायचं, दुप्पट चढायचं. पेन सुरू केल्यावर पहिले दोन महिने उलट्यांत गेले. "पण वैशाली, आयुष्यात पहिल्यांदा समोरची जिलबी मला हाक मारत नव्हती. तू त्याला सुई म्हण. मला शांतता मिळाली." आणि चालणं तिने सोडलेलं नाही. रोज सुपरमार्केटच्या एसीत रिकामी ट्रॉली घेऊन तासभर फिरते. मला वाटायचं हिला खरेदीचा नाद.

सॉरी म्हटलं. नीट जमलं नाही. तिच्या हातात विरजणाबरोबर लाडवांचा डबा कोंबायला गेले, तीही बघत राहिली, मीही. डबा परत फडताळात.

तिचं तिला लखलाभ. माझं मत बदललेलं नाही. पण तोंड सांभाळायला हवं, दोन्ही अर्थी.

बुध., ९ ऑग.

पहाटेचं चालणं बंद, दमट हवेने जीव जातो. मानसीबरोबर ट्रॉली घेऊन फिरले. ती पेनवर, मी हट्टावर, आणि दोघींच्या ट्रॉल्या रिकाम्या. तिथला बंगाली पोऱ्या तिसऱ्या फेरीला विचारतो, मॅडम, क्या ढूँढ रहे हो.

चाखणे: २६.

शुक्र., २५ ऑग.

गणपती बसले. सुट्टीचा वार, त्यामुळे घर भरलं. चौदांपैकी अकरा डबेवाले जेवायला. परबांनी तोंडपाठ आरत्यांना आवाज लावला, खालच्या मजल्यावरचे ओमानी काका पोरांना घेऊन दारात बघायला आले, त्यांना मोदक दिले.

खरी गोष्ट पुढे आहे. जेवताना परब म्हणाले, वैनी, आज जेवण सगळ्यांत बेस्ट, मीठ तर नेमकं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि माझा वाढणारा हात थांबला.

नैवेद्याचा स्वयंपाक. देवाला दाखवेपर्यंत कोण चाखतं? पहाटे चारपासून पंचवीस माणसांचं रांधलं, अळूचं फदफदं, वरण, खीर, मोदकांचं सारण, आणि जिभेला थेंब नाही. आठवणही झाली नाही. हात गेलाच नाही. लवंग नको, मोजणी नको. वर्षानुवर्षं सणाला हेच करते. वासावर, उकळीच्या रंगावर, चिमटीच्या अंदाजावर. मग एरवी रोज एकोणचाळीस वेळा मी काय बघत असते? मीठ? मीठ मला माहीत असतं. मला खायचं असतं, आणि खाल्लं म्हणायचं नसतं.

रवि., २७ ऑग.

ठरलं. आजपासून चौदाही डबे नैवेद्याचे. सगळे डबे भरेपर्यंत जिभेला काही नाही. देवघरातली छोटी घंटी ओट्यावर आणून ठेवली. डबे भरले की वाजवायची, मग माझी भाकरी. सुधीर म्हणाला, परबांना देव केलंस. म्हटलं, हो, यल्ला, फॅक्टरीची बस चुकेल तुझी.

संध्याकाळी परबांचा फोन. "वैनी, राग मानू नकात, पण आमटीत मीठ घालूक इसारलात." दुसऱ्या एकाच्या भाजीत दोनदा पडलेलं. सणाला जमतं, रोज जमत नाही. सणाला मन भ्यालेलं असतं, रोज कुणाला घाबरायचं?

चाखणे: ०. आकडा मोठा काढला.

शुक्र., १ सप्टें.

ईद. सुधीरच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या घरी ईदच्या शुभेच्छा द्यायला गेलो. बायकांच्या खोलीत खजूर, हलवा, काहवा. हलवा तुपात थबथबलेला, नाही म्हणणं म्हणजे अपमान. एक बोटभर घेतला, वहीत धरला. काहवा म्हणजे त्यांची कॉफी, पुन्हापुन्हा ओततात. मग त्यांच्या घरातल्या म्हातारीने शिकवलं, पुरे झालं की रिकामा कप हलवायचा. हलवला. बास. कुणी आग्रह केला नाही, कुणी रुसलं नाही.

परतताना सुधीरला म्हटलं, आपल्याकडे असं काही असतं तर आई वाचली असती.

रवि., १० सप्टें.

८३.९. केतूने माझ्या आधी ओरडून बिल्डिंगला सांगितलं. परब: "आज बराबर आसा." आता चिमटीवर विश्वास बसायला लागलाय. साखरेच्या गोळीने हे दिलं असतं? डॉक्टरणीला विचारणारच आहे. वाक्य तयार ठेवलंय.

गुरु., १४ सप्टें.

नवमी. आईची. दादाने चिपळूणला पान वाढलं, नंतर फोन केला. मी उत्साहात. वजन सांगितलं, घंटी सांगितली. म्हटलं, बघ दादा, मी आईसारखी गोळीच्या मागे नाही लागले.

तो म्हणाला, "आई कुठे लागली होती मागे? तिने कधी घेतल्याच नाहीत गोळ्या."

काय बोलतोयस म्हटलं. त्याने सांगितलं. तांदळाच्या कोठीमागे पाकिटंच्या पाकिटं. वहिनीला केर काढताना सापडायची, एकही फोडलेलं नसायचं. आमचे वडील, अण्णा, विचारायचे, घेतलीस? ती म्हणायची, घेतली. डॉक्टर विचारायचा, ती म्हणायची, घेते. साखर वाढत गेली तशी डॉक्टर गोळ्या वाढवत गेला, आणि कोठीमागचा ढीग वाढत गेला. इन्सुलिन आलं तेव्हा पाऊल काळं पडायला लागलं होतं. दादाने एकदा भांडून विचारलेलं. ती म्हणाली, माझं शरीर मला कळतं.

तू मस्कतला होतीस, सांगून काय झालं असतं, म्हणाला.

शनि., १६ सप्टें.

दोन दिवस चालले नाही. डबे केले, घंटी वाजवली, जेवले. दुसरं काही लिहवत नाही.

सोम., १८ सप्टें.

आईवर रागावलेय. गेलेल्या माणसावर रागावून काय मिळणार, पण रागावलेय. आठ वर्षं मी त्या गोळीला शिव्या घालतेय, आणि गोळी बिचारी कोठीमागे धूळ खात होती.

आणि माझं वाक्य. २ जुलैचं पान उघडून बघितलं. शब्दन् शब्द तिचं. मला वाटत होतं मी आईच्या उलट चाललेय. मी अगदी तिच्या मागोमाग चालत होते, फक्त बूट घालून.

तरीही. वाडगा खरा होता. उतरलेले किलो खरे आहेत. ते कुणी काढून घेऊ शकत नाही, आईही नाही, दादाही नाही, डॉक्टरीणही नाही.

गुरु., २८ सप्टें.

रक्त दिलं. मानसी बरोबर आली. तिला पेनचा डोस कमी करायला सांगितलाय, ती घाबरलेय, परत चढलं तर. म्हटलं, चढलं तर परत ट्रॉली. ती म्हणाली, आणि लागलं तर परत पेन. म्हटलं, हो. हे मी म्हटलं, मलाच ऐकू आलं.

शनि., ३० सप्टें.

दसरा. श्रीखंड केलं, न चाखता. डबे भरून झाल्यावर एक वाटी घेतली, पाटावर बसून, चमच्याने, सावकाश. वहीत: श्रीखंड १ वाटी. तीन महिन्यांत पहिल्यांदा काही खाल्ल्यासारखं वाटलं.

रवि., १ ऑक्टो.

वजन ८२.२. साखर ६.६.

डॉक्टरीण खूश. खरोखर खूश, उठून हात मिळवला. मी तयार ठेवलेलं वाक्य काढणार, तेवढ्यात तिने तोच लाल पेन घेतला आणि ६.६ ला गोल केलं. लहान गोल, पण गोल. "आपने बहुत अच्छा किया. पर शुगर अभी भी शुगर है. गोली सज़ा नहीं है." लहान डोस सुरू करा आणि हे सगळं चालू ठेवा, हा तिचा सल्ला. किंवा अजून तीन महिने, पुन्हा रक्त, तोवर मन लावून हेच. फैसला आपका, म्हणाली.

मी म्हटलं, आपने बोला था बहस नहीं. ती हसली. म्हणाली, बहस तुम्ही जिंकलीत, आजार नाही.

मग मी तिला आईचं सांगितलं. कोठीमागच्या पाकिटांचं. सुधीरलाही सांगितलं नव्हतं अजून. तिने टिश्यूचा डबा सरकवला आणि बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं. एवढंच म्हणाली, जो भी करो, मुझसे सच बोलना.

पाकीट घेऊन घरी आले. दहा गोळ्या, पांढऱ्या, काही खास नाहीत. सुधीर विचारतोय, घेणार? केतू विचारतेय, सो यू लॉस्ट? मी म्हटलं, हरले नाही आणि अजून ठरवलंही नाही. मला कुणी घाई करायची नाही, आणि कुणी समजूत घालायची नाही. घेतली तर जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर घेईन. नाही घेतली तर तेही सगळ्यांसमोर सांगेन, परबांनासुद्धा. मग सुधीरला आईचं सांगितलं. केतूनेही ऐकलं, सगळं समजलं की नाही माहीत नाही.

आमच्याकडे तांदळाची कोठी नाही, प्लास्टिकचा ड्रम आहे, भिंतीला चिकटून. मी तो उगाचच पुढे ओढून मागे बघितलं. झुरळाचं औषध आणि केतूचा जुना पेन्सिल-शार्पनर.

पाकीट मिठाच्या बरणीशेजारी ठेवलंय, जिथे रोज हात जातो. अजून फोडलेलं नाही. केतू येता-जाता बघते. बघू दे.